दोन गडांमधलं रान

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत, नाशिकला बँकेत नोकरी करतात. गेल्या सहा वर्षांत ट्रेकिंग ग्रुपबरोबर त्यांनी बारा-तेरा गड केले. रतनगड आणि हरिश्चंद्रगड त्यांत आलेच. "दोन्ही गड झालेत, मधलं रान राहिलंय," असं त्या लिहितात. यंदा कोजागरीच्या शनिवार-रविवारी पाच जणांना घेऊन त्यांनी स्वतःच बेत आखला आहे. शनिवारी पायथ्याच्या रतनवाडीहून रतनगड आणि नेढं (माथ्यावरच्या खडकातलं आरपार भोक), तिथून कात्राबाईच्या खिंडीतून पलीकडे उतरून मुळा नदीच्या काठी तंबू आणि चांदण्यात मसाला दूध. रविवारी पायथ्याचं पाचनई गाव, हरिश्चंद्रगड, त्यावरचा कोकणकडा आणि रात्री घरी. धाकटे दीर म्हणतात, "फोनमध्ये अख्खी वाट आहे, वाटाड्या कशाला? मग आपण स्वतः केलं असं कसं म्हणायचं?" बरोबरच्या एका मैत्रिणीचा गुडघा उतारावर दुखतो, पण तिला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. सासूबाई काळजी करतील म्हणून घरी "भंडारदऱ्याला रिसॉर्टवर जातोय" असं सांगायचा विचार आहे. त्यांचा प्रश्न: वाटाड्याशिवाय जाणं वेडेपणा ठरेल का, मैत्रिणीला कसं सांगू, आणि घरी खोटं बोलू की बेतच रद्द करू?

उत्तर:

नमस्कार,

बेत रद्द करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यात इतके बदल सुचवणार आहे की मध्येच तुम्हाला वाटेल, ही बाई नकोच म्हणतेय.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा मागे गेले आणि ते एक वाक्य परत वाचलं. "दोन्ही गड झालेत, मधलं रान राहिलंय." इतकं नेमकं कारण घेऊन डोंगरात जाणारी माणसं मला फार भेटत नाहीत. पण हेच कारण असेल तर तुमचा बेत त्याच्याशी जुळत नाही. शनिवारची सगळी सकाळ रतनगडाच्या शिड्या आणि नेढ्यात जाणार. रविवारचा दिवस हरिश्चंद्रगड चढण्या-उतरण्यात जाणार. म्हणजे जे पाहून झालंय त्याला दोन्ही दिवसांचा चांगला उजेड, आणि ज्यासाठी घरातून निघालात ते रान मात्र शनिवारी दुपारनंतर, दमलेल्या पायांनी, घड्याळाकडे बघत पार करायचं. मी तुमच्या जागी असते तर दोन्ही गड बेतातून काढले असते. पहिला दिवस रतनवाडी ते खिंडीपलीकडचं कुमशेत गाव, दुसरा दिवस कुमशेत ते पाचनई. बस. गड कुठे जात नाहीत.

असं केल्यावर काय उरतं ते बघा. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापासून निघालात की सुरुवातीला प्रवरेच्याच पात्राच्या सोबतीने जाता. ती रतनगडावर उगम पावते आणि खाली भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. गर्द झाडीत एका ठिकाणी वाट फुटते. एक फाटा रतनगडाच्या शिड्यांकडे जातो, दुसरा कात्राबाईच्या खिंडीकडे. खिंड चढून पलीकडे पाऊल टाकलं की पायाखालचं पाणी बदलतं. अलीकडचा थेंब प्रवरेला, पलीकडचा मुळेला. या दोघी पुढे नेवाशाकडे एकमेकींना भेटतात आणि मग गोदावरीत जातात. एका दिवसात तुम्ही एका नदीच्या घरातून दुसरीच्या घरात जाणार आहात. हे मधलं रान म्हणजे काय ते मला तरी याहून चांगलं सांगता येत नाही, आणि त्यासाठी कुठल्याच माथ्यावर जावं लागत नाही.

आता वेळेचं. फोनमधली वाटेची फाइल अंतर सांगते, पण ते अंतर तुम्हा सहा जणांना किती तासांत कापता येईल ते तिला ठाऊक नसतं. १८९२ साली विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने अंदाजाची एक सोपी रीत सांगितली होती: तासाला तीन मैल, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना एक तास जादा. ती रीत धडधाकट, हलक्या पाठीच्या माणसासाठी आहे. सह्याद्रीत, पाठीवर आठ-नऊ किलो, वाटेत कारवीच्या दाट झुडपांचं रान आणि सहा जणांची चाल असताना मी त्याच्या निम्मा वेग धरते. ग्रुपमध्ये सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच सगळ्यांचा वेग. ग्रुपबरोबर जाताना तुम्हाला हे जाणवलं नसेल, कारण हिशेब दुसरं कुणी तरी करत होतं आणि शेवटच्या माणसामागे त्यांचा एक माणूस चालत होता. आता तो माणूस तुमच्यातूनच नेमायचा आहे. मी तर तुमच्या दिरांनाच नेमेन. जो सगळ्यांत पुढे पळतो त्याला शेवटी ठेवावं, म्हणजे त्यालाही रान दिसतं.

सकाळी सातला रतनवाडी सोडायची असेल तर रात्री तिथेच मुक्काम हवा, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळीच पोहोचा. नाशिकहून पहाटे निघून साडेनऊला चालायला लागणं म्हणजे दिवसाचे अडीच तास गेले. साधारण बाराच्या आसपास खिंडीत पोहोचायला हवं. एक वाजेपर्यंत खिंड आली नाही तर मागे फिरायचं, रतनवाडीला परत. हा आकडा घरी ठरवा, सहाही जणांच्या देखत, आणि कागदावर लिहा. रानात ठरवायला गेलात तर "एवढं आलोच आहोत, आता पंधरा मिनिटं" हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येणारच. मी ते स्वतः म्हटलंय. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरात सहाच्याही आधी, आणि झाडीत अंधार त्याआधी अर्धा तास येतो. कुमशेतला चारपर्यंत पोहोचणं हा माझा हिशेब. वरचे दोन तास चुकण्यासाठी, गुडघ्यासाठी, एखाद्या ओढ्यावर नुसतं बसून राहण्यासाठी.

वाटाड्याचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, म्हणून त्यावर जरा थांबते.

दीर म्हणतात ती फाइल खोटी नाही. फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं. नकाशा आधी उतरवून घेतला आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तर बॅटरीही टिकते. तेवढं कराच, दोघांच्या फोनमध्ये करा, एक पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पण ती रेघ कुणी तरी कधी तरी चालून गेलेली असते. मे महिन्यात कोरड्या नाळेतून, म्हणजे डोंगराच्या घळीतून, उतरलेल्या माणसाची रेघ ऑक्टोबरात तुम्हाला पाण्यात नेते. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं, मळलेली वाट त्यात बुडते, आणि स्क्रीनवर तुम्ही रेघेच्या दहा मीटर डावीकडे असलात तरी त्या दहा मीटरमध्ये एखादा कडा मावतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, डिसेंबरात, आम्ही चौघी याच खिंडीतून कुमशेतकडे उतरत होतो. वाट रुंद, छान मळलेली. तिच्यावर विश्वास टाकून तासभर चाललो. ती एका डबक्यापाशी येऊन संपली. भोवती म्हशींच्या खुरांचे ठसे, शेण, आणि पुढे काहीच नाही. साडेपाच वाजले होते. कुणी काही बोलेना. तेवढ्यात वरून कोयत्याचा आवाज आला, आणि डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक आजी उतरली. तिने आम्हाला मागे नेलं आणि एका वळणावर थांबून हाताने फांद्या दाखवल्या. ढोरवाटेवर फांद्या छातीशी आडव्या येतात, कारण जनावराची पाठ तेवढीच उंच. माणसांच्या वाटेवर मात्र डोक्याच्याही वर हातभर जागा मोकळी असते, फांद्या कोयत्याने छाटलेल्या, कारण बाया डोक्यावर भारे घेऊन जातात. छाटलेल्या टोकांवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही बघ, ही आमची." त्या दिवसापासून मी वाट खाली बघून शोधत नाही, वर बघून शोधते. कुठल्याही फाइलमध्ये हे नसतं.

तेव्हा वाटाड्या घेतला तर आपण स्वतः केलं असं कसं म्हणायचं, या प्रश्नामागचं गृहीत मला पटत नाही. ती वाट मुळात स्वतः कुणीच केलेली नाही. महादेव कोळी आणि ठाकर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या या खिंडीतून सोयरिकी केल्या, बाजार केले, गुरं नेली. आपण त्यांच्या पायवाटेवरून चालतो. वाटाड्या घेऊनही बेत तुमचाच राहतो: कधी निघायचं, कुठे थांबायचं, मागे कधी फिरायचं हे तुम्हीच ठरवणार. ग्रुपबरोबर जाताना तुम्ही तो निर्णयच दुसऱ्यावर सोपवत होतात. वाटाड्यावर फक्त वाट सोपवायची. या पहिल्या खेपेला रतनवाडीचा एक जाणता माणूस घ्या, निदान कुमशेतपर्यंत. दुसऱ्या दिवशीसाठी कुमशेतचा वेगळा घेतलात तर आणखी चांगलं, कारण आपापल्या बाजूची वाट ज्याची त्याला जास्त ठाऊक असते. पैसे आधी बोलून घ्या, आणि त्याचा परतीचा वेळही धरा. तुम्ही पाचनईहून गाडीने जाल, तो डोंगर तुडवत मागे जाणार आहे. त्याच्या जेवणाचा डबा तुमच्या सामानात असू द्या. आणि चालताना फोन बंद ठेवून त्याला विचारत राहा: हे झाड कोणतं, हे पाणी उन्हाळ्यात टिकतं का. पुढच्या वर्षी वाटाड्याशिवाय जायचं असेल तर याहून चांगली तयारी नाही.

रात्रीचा मुक्काम. मुळेच्या काठी तंबू हे चित्र मला समजतं, पण पावसाळा नुकता सरलेला असताना नदीच्या पात्रात किंवा पात्रालगत झोपू नये. पाऊस तुमच्या अंगावर पडायला हवा असं नाही. वर माथ्यावर पडला तरी खाली पाणी फुगतं, आणि झोपेत ते कळत नाही. शिवाय हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेश, मुक्काम, तंबू यांचे नियम असतात आणि ते बदलत राहतात. निघण्याच्या आठवड्यात वन खात्याकडे विचारून, लागेल ती परवानगी घेऊन जा. शेकोटीचा विचार सोडून द्या. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते.

माझी शिफारस कुमशेतमधल्या एखाद्या घराच्या ओटीची. वाटाड्याच तुम्हाला घर सांगेल. भाकरी, पिठलं, ठेचा, हातपाय धुवायला आडाचं पाणी. सहा जणांचे तंबू, स्टोव्ह, भांडी, शिधा यांचं ओझं निम्म्याने उतरतं आणि गुडघे तेवढेच वाचतात. रानात रात्र काढली नाही असं वाटेल का? कदाचित वाटेल. पण ओटीवर पडल्या पडल्या रातकिडे ऐकत, समोर काळा झालेला डोंगर बघत काढलेली रात्र रानाबाहेरची नसते. तंबूची हौस पुढच्या खेपेला, परवानगी घेऊन, कोरड्या दिवसांत.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "नदी आहेच, पाण्याची चिंता नाही." चिंता दोन्ही बाजूंनी आहे. प्यायला माणशी तीन ते चार लिटर दिवसाला धरा. निघताना प्रत्येकाकडे तीन लिटर भरलेलं असू द्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर कुठे तरी गुरं बसलेली असतात. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा, नाही तर क्लोरीनच्या गोळ्या टाकून सांगितलेला वेळ थांबा. गावात पोहोचल्यावर पिण्याचं पाणी कुठलं ते विचारून घ्या.

आणि ओलांडताना. गुडघ्याच्या वर, वेगाने वाहणारं पाणी असेल तर ओलांडायचं नाही. पाणी गढूळ झालं, वरून पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर पाणी वाढतंय असं समजा आणि काठावर बसून राहा. सह्याद्रीतले ओढे चढतात झपाट्याने, पण पाऊस थांबला तर काही तासांत उतरतातही. नदी अरुंद जिथे दिसते तिथे ती खोल आणि जोरात असते, म्हणून रुंद, पसरट जागा शोधा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती पाठीवरून टाकता येईल. बूट किंवा सँडल पायातच असू द्या. काठी वरच्या अंगाला रोवून, तोंड प्रवाहाकडे करून, एका वेळी एकच पाय. आणि कमरेला दोर बांधून माणसं ओलांडायचं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. अडकलेला दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

आता कोजागरी. मला माहीत आहे, हा मुद्दा तुम्हाला सर्वांत जास्त टोचणार आहे. पण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस अजून इथे असू शकतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनला काळे ढग आणि विजा. खिंडीत किंवा डोंगराच्या धारेवर असताना ढग गडगडू लागले तर तिथून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, एकमेकांत अंतर ठेवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. तुमच्या मूळ बेतात तो अर्धा तास कुठे होता? म्हणून माझं म्हणणं, महिनाभर थांबा आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा. चांदणं तेवढंच. ओढे खाली उतरलेले, गवत पिवळं पडून आडवं झालेलं, हवा कोरडी. पहाटे थंडी वाजेल, एक स्वेटर आणि कानटोपी जास्त घ्या. एकच अडचण: तेव्हा भात कापणी चालू असते, घरोघर माणूस शेतात असतो. म्हणून वाटाड्याशी दोन-तीन आठवडे आधी बोला.

साप, विंचू याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारे बरेच असतात. घोणस, फुरसं, मण्यार, नाग, झुडपात हिरवा चापडा, हे सगळे इथले रहिवासी आहेत. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नको, न बघता दगडावर किंवा फांदीवर हात नको, सकाळी बूट झटकून घालायचे. चावा झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. निघण्याआधी एक फोन करून विचारून ठेवा की राजूर किंवा अकोले या जवळच्या गावांत सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळतं. आणि आग्या मोहोळ दिसलं तर त्याच्याखाली गप्पा, धूर, अत्तर काही नको. बायकांसाठी एक: पाळीचं सामान जास्तीचं ठेवा, वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणा, आणि रात्री लघवीला दोघींनी मिळून जा. हे आधी मोकळेपणाने बोलून घेतलं की कुणी मुद्दाम पाणी कमी पीत नाही. असं करून डोकं धरून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

तुमच्या मैत्रिणीविषयी. तुम्ही गृहीत धरलंय की दोनच वाटा आहेत: तिला न्यायचं, नाही तर तिला नाही म्हणायचं. तिला विचारलंत का? "उतारावर गुडघा धरतो हे मी पाहिलंय. खिंडीतून पलीकडे मोठा उतार आहे. तुला काय वाटतं?" इतकं सरळ. दुखणाऱ्या माणसाला आपलं दुखणं आपल्याहून जास्त कळतं. बहुतेकदा तो कुणी विचारण्याचीच वाट बघत असतो. एकदा डॉक्टरला दाखवून घ्यायला हवं, तेही तिला सांगा. आणि मग हे पुढे करा: कुमशेतला गाडीरस्ता आहे. तुमच्या बेतात एक मोठी फट राहिली आहे. गाडी रतनवाडीला उभी आणि चाल संपणार पाचनईला, मध्ये राजूरवरून भला मोठा वळसा. ती गाडी कोण आणणार? तिला चालवता येत असेल आणि तिची इच्छा असेल तर तिने शनिवारी गाडी घेऊन राजूरमार्गे कुमशेतला यावं, सोबत आणखी एक जण असावा. संध्याकाळी तुम्ही डोंगरातून उतराल तेव्हा ती ओटीवर असेल. रविवारी गुडघ्याने साथ दिली तर तिने तुमच्याबरोबर थोडं चालावं, नाही तर गाडी पाचनईला न्यावी. रात्रीचा मुक्काम, भाकरी, चांदणं यांतलं तिचं काहीच बुडत नाही. आणि तुमच्यापैकी कुणाचा पाय मुरगळला तर कुमशेतला गाडी आणि चालवणारं माणूस हजर. पण हे तिच्यावर लादू नका. तिला नको असेल तर राजूरहून जीप ठरवा, तेही होतं.

शेवटी घर. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

तुम्ही रिसॉर्ट सांगून गेलात आणि रविवारी रात्री परतला नाहीत, तर सासूबाई काय करतील? भंडारदऱ्यातल्या हॉटेलांना फोन करत बसतील. तुम्ही दोन डोंगरांपलीकडे कुठल्याशा ओढ्याशी बसलेल्या असाल. शोधायला निघालेल्या माणसांना पहिली गोष्ट लागते ती म्हणजे तुम्ही कुठून कुठे निघाला होतात. ते ठाऊक असलेला एक तरी माणूस घरी हवा, आणि तुमच्या घरात तो माणूस सासूबाई आहेत. त्या काळजी करतात याचा अर्थ त्या वेळेवर फोन करतील. याहून योग्य व्यक्ती मला सुचत नाही.

त्यांना परवानगी मागायला जाऊ नका, काम सोपवा. एक कागद लिहून द्या, मोठ्या अक्षरात: सहा जणांची नावं, रक्तगट, घरचे फोन. वाटाड्याचं नाव आणि नंबर. कुमशेतच्या ज्या घरी राहणार त्यांचा नंबर. गाडीचा नंबर. शनिवारी संध्याकाळी सातला रेंज मिळाली तर फोन येईल, नाही मिळाली तर घाबरू नका. रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर आधी वाटाड्याच्या घरी, मग ११२ ला फोन करा. सातला फोन नाही आला तर घाबरू नका, ही ओळ विसरू नका. डोंगरात फोन लागत नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही, आणि बहुतेक घरची भीती त्या एका न लागलेल्या फोनपासून सुरू होते.

त्या "नको जाऊस" म्हणतील, तेही होऊ शकतं. तेव्हा त्यांना विचारा की नेमकं कशाचं भय वाटतं. पाण्याचं, जनावराचं, की लोक काय म्हणतील याचं? पहिल्या दोन्हींवर तुमच्याकडे आता उत्तर आहे. तिसऱ्यावर दीर सोबत आहेत एवढं पुरेसं व्हावं, आणि नाही पुरलं तर तो तुमच्या घरातला जुना प्रश्न आहे. त्याचं उत्तर रिसॉर्टच्या नावाने मिळणार नाही.

कोजागरीचं दूध मात्र चुकवू नका. त्या रात्री सगळ्यांना तुमच्या गच्चीवर बोलवा. त्रिपुरीला जे सामान न्यायचं तेच भरून, पाण्याच्या बाटल्यांसकट, प्रत्येकाने सॅक घेऊन यावं. वजनकाटा बाहेर काढा. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त कुणाचं भरलं तर तिथेच उघडून काय काढायचं ते ठरवा. मग जिन्यावरून गच्ची ते तळमजला, पाठीवर सॅक घेऊन, दहा वेळा. मैत्रिणीला आधी उतरू द्या आणि तिच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. तो कागदही तिथेच, सासूबाईंच्या समोर, त्यांच्याच हाताने लिहून घ्या. खिंडीतून मागे फिरायची वेळ त्यांनाही कळू द्या: दुपारी एक.